बाराव्यापर्यंत

“अक्का, ह्या माणसाला आपण सकाळीच विचारलंय,” मी म्हणालो.

“मग परत विचार. सकाळी तो झोपेत होता.”

झोपेत तो आताही होता. जैसलमेरच्या किल्ल्याच्या पहिल्या दरवाजाखाली, ऊन पोचत नव्हतं अशा कोपऱ्यात, कठपुतळ्या विकणारा एक म्हातारा गाठोड्यावर डोकं ठेवून आडवा झाला होता. अक्कानं पिशवीतून फोटो काढून माझ्या हातात कोंबला. मी म्हाताऱ्याला हलवलं. त्यानं एक डोळा उघडून फोटो पाहिला, मग अक्काकडं पाहिलं आणि सकाळी म्हणाला होता तेच म्हणाला, “सीझन में आना, बाबूजी. अभी कोई नहीं है.”

“अहो, सीझनचं कोण विचारतंय तुम्हाला?” अक्का मराठीतच कडाडली. “मुलगा कुठं आहे ते सांगा!”

म्हाताऱ्यानं कूस बदलली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण इंदुमती. तिचे यजमान, आमचे दाजी, मिरज जंक्शनला मालगाडीवर गार्ड होते. निरंजन त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. कारण ऐकलं तर तुम्हाला हसू येईल. दाजींनी खटपट करून त्याला रेल्वेत चिकटवलं होतं आणि ह्यानं तीन महिन्यांत ती नोकरी सोडली. त्याआधी आयटीआय अर्धं सोडलं होतं, त्याआधी तबल्याचा क्लास, त्याआधी आणखी काहीतरी. दाजी तसे कमी बोलणारे, पण त्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, “मी मेलो असं समज आणि चालता हो.” आपल्याकडं बाप असं म्हणतातच. मुलं दोन दिवस मित्राकडं काढतात आणि जेवायच्या वेळेला गुपचूप घरात शिरतात. हे पोरगं शिरलं नाही.

पोलिसात कळवून झालं, पेपरात फोटो देऊन झाला, नवससायास झाले. मग सगळे थकले. आणि आम्ही जैसलमेरला गेलो त्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या कामतांनी आपल्या राजस्थान सहलीचा अल्बम अक्काला दाखवायला आणला. किल्ल्यातल्या एका चौकात कामतांची सगळी पलटण ओळीनं उभी, आणि त्यांच्या मागं पायरीवर एक तरुण किटलीतून चहा ओततोय. निम्मा चेहरा कामतवहिनींच्या अंबाड्यानं झाकला होता. उरलेला निम्मा अक्काला पुरला.

तोपर्यंत दाजींच्या हृदयानं मान टाकायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, जवळच्या माणसांना भेटून घ्या म्हणावं, असं सांगितलं होतं. दाजींनी सहा वर्षांत मुलाचं नाव घेतलं नव्हतं. तो फोटो त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “वाळलाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “एकदा बघायला मिळाला असता तर.” अक्कानं त्याच संध्याकाळी मला निरोप धाडला. सांगलीच्या हळदीच्या पेठेत माझी दलाली. तिथल्या मारवाडी व्यापाऱ्यांशी मी त्यांच्याच भाषेत बोलतो असा माझा घरात लौकिक होता. तो लौकिक जोधपूरच्या पुढं टिकला नाही. माझी मारवाडी घासाघीस आणि शिव्या एवढीच होती, आणि दोन्हींचा तिथं उपयोग नव्हता.

दाजींची देखभाल माझ्या बायकोवर सोपवून आम्ही निघालो. ऐन जूनमध्ये तिथं शहाणा माणूस जात नाही हे उतरल्यावर कळलं. दिवसभर गरम वारा वाहायचा आणि दातांखाली वाळू कचकचायची. किल्ल्यातल्या त्या पिवळ्या दगडाच्या घरांना वर्णन करणारे काय काय म्हणतात. मला दुपारी त्यांच्याकडं बघवत नव्हतं. गल्लीबोळांतून दुकानांच्या फळ्या लावलेल्या. निम्मे दुकानदार माल घेऊन गोव्याला नाहीतर मनालीला गेलेले, उरलेले घरात पंख्याखाली. गाई तेवढ्या सावली सरकेल तशा सरकत होत्या. अक्का नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून चालत होती आणि मी हातात तांब्या घेऊन मागं.

किल्ला तसा केवढासा. एका दिवसात आम्ही तो तीनदा पालथा घातला. फोटोतला चौक सापडला, पायरी सापडली. पायरीवरच्या घराला बाहेरून कुलूप होतं. शेजारच्या दुकानदारानं फोटो हातातसुद्धा न घेता “पता नहीं” म्हटलं. एका बाईनं खिडकी उघडून आमच्याकडं पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. पोस्टमनही मान हलवून गेला.

“गजा, एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का?” अक्का चौकातल्या तोफेच्या सावलीत बसत म्हणाली.

“काय?”

“कुणी विचारत नाही, की हा कोण म्हणून. तू कुणाला असा फोटो दाखवून बघ मिरजेत. आधी दहा प्रश्न विचारतील. नाव काय, गाव काय, पळून गेला का, पैसे घेऊन गेला का. इथं नुसतं नाही, नाही. ह्यांना ठाऊक आहे तो कुठं आहे ते.”

मला पटलं. गर्दीच्या दिवसांत आम्ही दोन माणसं कुणाच्या खिजगणतीत नसतो. त्या ओस गावात मात्र आम्ही कुठल्या गल्लीत वळलो हे आमच्याआधी पुढच्या गल्लीला कळत होतं.

आम्ही उतरलो होतो ते हॉटेल किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. उघडं असलेलं तेवढंच. मालक तनसिंग नावाचा, चाळिशीचा, मोठ्या मिशांचा, अत्यंत अदबशीर माणूस. संध्याकाळी त्याच्या टेबलावरच्या फोनवरून मी कामतांकडं फोन लावला. माझी बायको आली आणि एका दमात म्हणाली, “दाजींना सकाळपासून श्वास लागलाय. दवाखान्यात नेलंय, ऑक्सिजन लावलाय. तुम्ही या लौकर. सापडला का हो?”

अक्का शेजारीच उभी होती. मी काही सांगायच्या आत तिनं माझ्या तोंडावरूनच वाचलं. ती तनसिंगकडं वळली. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ जोडलेलं. ती म्हणाली, “भाऊ, उसका बाप जानेवाला है. समझा क्या? बाप. एक बार मिलना है उसको. फिर वो इधर आएगा तो आने दो. मैं पकड के नहीं रखती.”

तनसिंग खाली बघत राहिला. मग म्हणाला, “माजी, आप खाना खा लो. सवेरे बताता हूँ.”

“म्हणजे माहीत आहे!” मी उसळलो.

“सवेरे,” तो हात जोडून म्हणाला आणि चप्पल घालून उठून गेला. अक्का त्या रात्री जेवली नाही.

सकाळी तोच चहा घेऊन वर आला. “चलिए. मैं पूछ के आया हूँ. सीधे नहीं ला सकता था, माजी. उस घर में सूतक है.”

सूतक म्हणाल्यावर अक्काच्या हातातला कप बशीवर वाजला. “कोण? निरंजन?”

“नहीं, नहीं. निरंजन ठीक है. बिस्साजी गुज़र गए. जिनके यहाँ वो रहता है.”

वाटेत त्यानं थोडक्यात सांगितलं. गिरधरलाल बिस्सा म्हणून एक म्हातारे ब्राह्मण, पायरीवरच्या त्या घरात पाहुण्यांना दोन खोल्या भाड्यानं देत आणि चहा-नाश्ता करत. सहा वर्षांपूर्वी एक मराठी मुलगा काविळीनं पिवळा होऊन त्यांच्या दारात येऊन पडला. नवरा-बायकोनं त्याला मूग आणि ताक देऊन बरा केला. तो तिथंच राहिला. गेल्या आठवड्यात बिस्साजी झोपेतच गेले. सुतकाची बैठक त्यांच्या दिवंगत भावाच्या घरी होती, किल्ल्याबाहेर, मागच्या बाजूला. म्हणून पायरीवरच्या घराला कुलूप.

“मग काल सगळ्या गावानं नाही का म्हटलं?” मी विचारलं.

“गमी में, सूतक में बैठे आदमी को कोई उठाने आए, तो कौन बताएगा, साब?”

त्या घरासमोर गल्लीत सतरंज्या अंथरल्या होत्या. पांढरे फेटे बांधलेली सात-आठ माणसं भिंतीला टेकून गप्प बसली होती. आम्हाला पाहून त्यांनी पाय आखडून वाट दिली. आत अंगणात, जमिनीवर एका चटईवर, धोतर नेसून आणि अंगावर पंचा घेऊन एकजण बसला होता. डोक्याचा तुळतुळीत गोटा. मिशीही काढलेली. मी त्याला ओळखलं नाही. अक्का मात्र उंबऱ्यातच थांबली.

“आई,” तो म्हणाला. उठला मात्र नाही.

मला वाटलं होतं, अक्का धावत जाईल, रडेल, त्याला कुशीत घेईल. सगळ्या प्रवासात मी तेच डोळ्यांसमोर आणत होतो. अक्का भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “तुझं डोकं?”

त्यानं नकळत डोक्यावर हात नेला.

“निरंजन, तुझं डोकं कुणी काढलं? तुझा बाप जिवंत आहे!”

बाप हयात असताना मुलानं मिशी काढली तरी आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांच्या काळजाचा ठोका चुकतो. आणि हा तर पूर्ण क्षौर करून सुतकात बसलेला. दाजी दारात उभे राहून काय म्हणाले होते, ते अक्काला त्या क्षणी आठवलं असणार, कारण मलाही तेच आठवलं. मेलो असं समज म्हणाले होते. ह्यानं समजलं, आणि उरकूनही टाकलं.

“तसं नाही आई,” निरंजन म्हणाला. “बाबूजींना मूल नव्हतं. पुतण्या आहे, पण त्या दिवशी तो दुबईत होता. उन्हाळ्यात मढं किती वेळ ठेवणार? त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, अग्नी तू दे म्हणून. मी दिला.”

“तुला सांगता आलं नाही, की माझा बाप आहे म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“ते म्हणाले, असू दे. एकाला दोन असले म्हणून काय बिघडलं.”

अक्का मटकन उंबऱ्यावर बसली. मी पुढं झालो. कुणीतरी कामाचं बोलायला हवं होतं. “हे बघ निरू, डोकं गेलं उडत. दाजी दवाखान्यात आहेत, ऑक्सिजनवर. तुला बघायचंय म्हणाले, स्वतःच्या तोंडानं म्हणाले. दुपारच्या गाडीनं निघायचं. ऊठ.”

त्याचा चेहरा इतका उतरला, की क्षणभर मला जुना निरंजन दिसला. तो हातांकडं बघत राहिला.

“मामा, बारावं झाल्याशिवाय मला इथून उठता येत नाही. अजून सात दिवस आहेत.”

“तुझा जिवंत बाप तिकडं तडफडतोय, आणि तू मेलेल्या परक्या माणसासाठी बसून राहणार?” मी ओरडलो. बाहेरच्या माणसांनी माना वळवल्या. “हा कुठला न्याय? की तुला इथली पगडी हवी आहे? बाराव्याला वारसाला पगडी बांधतात म्हणे हे लोक. घर मिळेल, दोन खोल्या मिळतील!”

“पगडी पुतण्याला बांधायची आहे. मीच सांगितलंय.” तो आता रडत होता, पण आवाज चढला नव्हता. “मला काही नकोय, मामा. बाबांकडं यायचंय. रोज यायचंय. सहा वर्षं रोजच यायचं होतं. पण ह्यांना मी आगीपर्यंत नेलंय आणि आता मधेच कसा सोडू?”

मी अक्काकडं पाहिलं. वाटलं, ही आता आईपणाची शपथ घालेल आणि प्रश्न मिटेल. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. तेवढ्यात आतल्या खोलीच्या पडद्याआडून एका बाईचा आवाज आला. तनसिंग माझ्या कानाशी म्हणाला, “बिस्साजी की घरवाली हैं. बाहर नहीं आ सकतीं, कोने में बैठी हैं. माजी को अंदर बुला रही हैं.”

अक्का उठली आणि आत गेली.

मी पडद्याबाहेर, निरंजन चटईवर. आतलं अर्धं ऐकू येत होतं. म्हातारी सावकाश बोलत होती, अक्काला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून. “ले जाओ बहन. मेरी तरफ से छुट्टी है. आग तो उसने दे दी. बाकी भतीजा कर लेगा, कल आ रहा है. बाप बड़ा है.” मग थोडं थांबून, “मैंने उसको बोला भी था कि घर चिट्ठी लिख. बिस्साजी हर दिवाली बोलते थे. वो कहता था, नौकरी पक्की होगी तब लिखूँगा. खाली हाथ नहीं जाऊँगा.”

अक्का काही बोलली का, ते कळलं नाही. बऱ्याच वेळानं बांगड्या वाजल्या. म्हातारी हुंदके देत होती, अक्काही. मग दोघी शांत झाल्या.

मला हायसं वाटलं. सुटका झाली होती, तीही म्हातारीच्याच तोंडून. मी निरंजनला म्हणालो, “ऐकलंस? आवर आता.” तो पडद्याकडं बघत होता. अंगावरचा पंचा त्यानं सावरला आणि एक हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी.

अक्का बाहेर आली. ती सरळ त्याच्यापाशी गेली, खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचं ते गुळगुळीत डोकं धरलं. सुतक, विटाळ, काही पाहिलं नाही. “ऊन किती लागतंय रे ह्याला,” ती म्हणाली. “टोपी तरी घालत जा.”

“येतो आई मी. त्या हो म्हणाल्यात.”

“नको.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “काय नको?”

“बस तू. बारावं कर नीट, आणि मग ये.”

“अक्का, तुला वेड लागलंय का?” मी म्हणालो. “सात दिवस! दाजींना सात दिवस आहेत का, हे तुला कुणी लिहून दिलंय?”

“नाही दिलं.”

“मग?”

“गजा, तू गप्प बस जरा.” ती निरंजनकडंच बघत होती. “आयटीआय अर्धं सोडलंस. नोकरी अर्धी सोडलीस. आम्हाला अर्धं सोडलंस. आज पहिल्यांदा काहीतरी शेवटाला नेतोयस, ते मी मोडू? असा मधेच उठून आलास, तर त्यांच्या उशाशी बसलास तरी तुझं निम्मं मन इथं राहील. आणि मला पुन्हा भीतीच, की हा कधी उठेल. तुझ्या वडिलांना मी थांबवते.”

“कसं थांबवशील?” तो लहान मुलासारखा म्हणाला.

“ते माझं मी बघते. लग्न केलंय मी त्यांच्याशी.”

दुपारच्या गाडीनं आम्ही दोघेच निघालो. मी जोधपूरपर्यंत तिच्याशी बोललो नाही. खरं सांगायचं तर मला तिचा भयंकर राग आला होता. दोन दिवसांच्या वाटेवर दाजी गेले असते, तर मी तिला जन्मात क्षमा केली नसती, आणि तिनं स्वतःलाही नसती. ती खिडकीशी बसून होती. मारवाड जंक्शनला मी चहा आणून दिला तेव्हा ती म्हणाली, “डोक्याचं त्यांना सांगायचं नाही. कुणालाच नाही. घरी काय ते बोलायचं मी ठरवलंय.” मी मान डोलावली.

दाजी होते. ऑक्सिजन काढला होता, पण उशांना टेकून बसवलं तरच श्वास पुरत होता. आम्हाला दोघांनाच दारातून येताना पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले.

“भेटला,” अक्का खाटेच्या कडेवर बसत म्हणाली. “अहो, डोळे उघडा. भेटला. धट्टाकट्टा आहे. एका हॉटेलात काम आहे, मालक आठ दिवसांनी सोडतोय. येतोय तो.”

दाजींनी डोळे उघडले. “तू... बोललीस त्याच्याशी?”

“बोलले तर. जेवलेसुद्धा त्याच्या हातचं.” तसं काही झालं नव्हतं.

“कसा दिसतो?”

मी खिडकीबाहेर बघू लागलो. “दिसतो आपला,” ती म्हणाली. “केस तेवढे वाढवलेत मेल्यानं. मानेवर रुळतायत. बायकांसारखे.”

दाजींच्या कपाळावर आठी पडली, आणि खोटं नाही सांगत, त्या आठीनं त्यांच्या तोंडावर जीव आला. “गार्डाचा मुलगा, आणि केस मानेवर? येऊ दे. आधी न्हाव्याकडं बसवतो, मग घरात घेतो.”

“फोन लावू का कामतांकडून?” मी म्हणालो. “तिथल्या हॉटेलवर निरोप देता येईल.”

“फोनबिन नको,” दाजी म्हणाले. “समोर येऊ दे.”

त्या आठ-दहा दिवसांत ते केस म्हणजे दाजींचा खुराक झाला. नर्स आली की तिला सांगत, “माझा मुलगा येतोय. झिपऱ्या वाढवल्यात म्हणे.” डॉक्टरांनाही सांगून झालं. अक्का रोज त्यात भर घालायची. कधी कंगवा खिशात असतो म्हणायची, कधी तेल चोपडतो. दाजी रागवायचे, त्यांना धाप लागायची, मग पाणी पिऊन पुन्हा विचारायचे. घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. अक्काला बिलकूल वाटलं नाही. पण मी तिला एकदा मोरीत तोंडात पदर कोंबून रडताना पाहिलं. मी तसाच मागं फिरलो.

निरंजन आला तेव्हा सकाळचे नळ चालू होते. मी दाजींच्या खोलीत पेपर वाचून दाखवत होतो. तो दारात उभा राहिला. डोक्यावर बोटाच्या पेरापेक्षाही कमी केस, ओठावर मिशीची नुसती काळी रेघ. त्याच्या मागं अक्का, हातात पाण्याचा तांब्या, आणि तिच्या चेहऱ्यावर धास्ती. तिनं डोळ्यांनी त्याला खूण केली. बाहेर दारातच तिनं त्याला पढवलं असणार.

निरंजन खाली बसला आणि त्यानं दाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. दाजींनी त्याला वर ओढलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. एकदा उलटा, एकदा सुलटा.

“एवढे बारीक?” ते म्हणाले.

“आई म्हणाली तुम्ही रागावलाय,” निरंजन खाली बघत म्हणाला. “म्हणून कापले.”

“हूं.” हात डोक्यावरच होता. “इंदू, चहा टाक त्याला. आलं घालून.”

अक्कानं सुटकेचा श्वास सोडला तो मला तिथवर ऐकू आला. ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा दाजींनी आवाज खाली आणला.

“कोण होते रे?”

निरंजननं दचकून वर पाहिलं. माझ्या हातातला पेपर तसाच राहिला.

“मीही माझ्या बापाचं केलंय,” दाजी म्हणाले. “वस्तऱ्यानं काढलेले केस कसे येतात, ते मला नको सांगू. मिशी कुणी बापाच्या रागापायी काढत नाही.” त्यांना धाप लागली. ते थांबले. “कोण होते?”

“बाबूजी,” निरंजन म्हणाला. “त्यांनी मला ठेवून घेतलं होतं.”

“चांगले होते?”

“होय.”

“तुला जेवायला घालत होते?”

“होय, बाबा.”

दाजींनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. “मग बरं केलंस,” ते म्हणाले. “तुझ्या आईला नको सांगू, मला कळलं म्हणून. फार कष्टानं वाढवलेत तिनं ते केस.”

चहाचे कप घेऊन अक्का आत आली. तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. दाजींनी निरंजनच्या डोक्यावर टपली मारली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, “बघ गं इंदे, कसा भादरून आलाय! माझ्या नुसत्या धाकानं.”

“येणारच,” अक्का म्हणाली. “बाप आहात तुम्ही त्याचे.”